एकसष्टाची एकोणीस

दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी ह्यांनी पायातले बूटही न काढता वही मागितली. बूट काढणं तसंही आता माझ्याकडेच होतं, कारण ह्यांच्या बोटांना नाडी सुटेनाशी झाली होती. मी खाली बसून नाडी सोडत होते आणि हे वरून सांगत होते, "लिही. सकाळपासून माझ्यासाठी तू जे जे करतेस ते सगळं लिही. बुटाची नाडीसुद्धा."

"अहो, आज तरी राहू द्या. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"ऐकलं म्हणूनच सांगतोय."

डॉक्टर म्हणाले होते की हा मज्जातंतूंचा आजार आहे, यावर औषध नाही. एकेक स्नायू काम सोडत जाईल. आधी हात, मग पाय, मग जीभ, मग गिळणं, शेवटी श्वास. दीड वर्ष, फार तर दोन. "डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतं," असं त्यांनी दिलासा दिल्यासारखं सांगितलं होतं.

आठवडाभर मी लिहीत राहिले. यादी झाली एकसष्ट कामांची. दात घासायच्या ब्रशवर पेस्ट लावणं, शर्टाची सात बटणं, चष्मा पुसणं, गोळ्या मोजणं, अंघोळीचं पाणी बादलीतून दोनदा वाहणं. वाचून माझीच मला कीव आली. ह्यांना मात्र कितीतरी दिवसांनी हुरूप आल्यासारखा दिसला.

"सहा महिन्यांत विसाच्या आत आणू," हे म्हणाले.

ह्यांचं सगळं आयुष्य कुलपांच्या कारखान्यात गेलं. कुलपं करण्याचं काम ह्यांचं नव्हतं. कुलपं करणाऱ्यांकडे बघत उभं राहण्याचं होतं. खिशात स्टॉपवॉच, हातात पॅड. कोण किती वेळा वाकतं, कोण कशासाठी उठतं, कुणाचा हात कुठून कुठे जातो, हे सगळं टिपायचं आणि मग त्यातलं नको ते काढून टाकायचं. कामगार ह्यांना घड्याळसाहेब म्हणत. लग्नानंतर माझी बहीण विचारायची, "तुझा नवरा करतो तरी काय?" मी सांगायचे, "दुसऱ्यांचं काम बघतो." ती म्हणायची, "मग आमच्याकडेही तेच करतात, पण त्यांना पगार नाही मिळत."

एकदा एका बाईचं काम ह्यांनी तीन दिवस पाहिलं. ती कुलपात स्प्रिंग बसवायची. स्प्रिंगचा डबा तिच्या पाठीमागे होता, म्हणून प्रत्येक कुलपाला ती मागे वळायची. दिवसाला आठशे वेळा. ह्यांनी तो डबा उचलून तिच्या डाव्या हाताशी, जरा तिरका करून ठेवला. बस्स, एवढंच. आठवडाभराने ती ह्यांना म्हणाली, "साहेब, माझी पाठ दुखायची थांबली. हे कुणाला आधी का नाही सुचलं?" ते सांगताना हे इतके खूश होते की जेवण ताटात गार झालं.

"जे काम महत्त्वाचं असतं ना, ते आधी सोपं करायचं," हे नेहमी म्हणत. "अवघड काम माणूस पुढे ढकलतो. मग महत्त्वाचं तेच राहून जातं."

हे खरंच होतं. आणि आमच्या घरातलं सगळ्यात महत्त्वाचं काम सहा वर्षं तसंच राहून गेलं होतं. ते म्हणजे आमची लेक.

आमच्याच गल्लीत, दोन दारं सोडून, कारखान्याच्या पॉलिश खात्यातली एक बाई राहते. मी शाळेच्या ऑफिसात कारकून होते. लेक लहान असताना, ही बाई कारखान्यात लागायच्या आधी, मी कामावर गेले की लेक तिच्याकडे असायची. तिच्या हातचं खाल्लं, तिच्या मांडीवर झोपली. लेक तिला मावशी म्हणायची, म्हणून आम्हीही मावशीच म्हणू लागलो. लेक मोठी झाली, तरी रुसली की मावशीच्या घरी जाऊन बसायची.

मग ह्यांनी पॉलिश खात्याचा अभ्यास केला. तिथे बायका टोपल्या उचलून या यंत्राकडून त्या यंत्राकडे नेत. ह्यांनी मध्ये पत्र्याची घसरगुंडी बसवायची ठरवली, की कुलपं आपली आपण खाली येतील. बायकांना गोळा करून हे म्हणाले, "तुमची पाठ वाचेल. काम कुणाचंही जाणार नाही, हा माझा शब्द." घसरगुंडी बसली. दोन पाळ्यांचं काम एका पाळीत होऊ लागलं. आणि तिसऱ्या महिन्यात फाटकावर यादी लागली. बावीस बायकांनी उद्यापासून यायचं नव्हतं. मावशीचं नाव चौथं होतं.

लेक तेव्हा चोवीस वर्षांची. त्या संध्याकाळी हे घरी आले तेव्हा ती दारातच उभी होती.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"नाही गं. यादी लागली तेव्हाच मलाही कळलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

"मग आता जा आणि तुम्ही त्यांना विचारा. शब्द तुम्ही दिला होता."

हे गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेले नाहीत, त्या आठवड्यात गेले नाहीत. लेक रोज एकदा विचारायची. पंधराव्या दिवशी तिने बॅग भरली. "वेळ वाचवता म्हणे तुम्ही," जाताना म्हणाली. "कुणाचा वाचवलात तो सांगा." दुसऱ्या गावी जाऊन ती कामगार संघटनेच्या कचेरीत लागली. मला फोन करायची. ह्यांचं नाव काढलं की, "आई, दुसरं बोल."

आता ह्या आजारात ह्यांनी मला शपथ घातली होती की तिला कळवायचं नाही. "कीव येऊन ती आली तर ते येणं मला नको. आधी मी तिच्याशी बोलतो, मग सांग." मी शपथ पाळली. त्या पाळण्याची मला आजही लाज वाटते.

घरातली कामं मात्र भराभर कमी होत गेली. ह्यांची खाट आतल्या खोलीतून मोरीच्या दाराशी आली, तशी बादलीची ने-आण संपली. शर्ट मी मागून उभे कापले आणि पाठीशी चिकटपट्टी लावली, सात बटणं गेली. गोळ्या रविवारी एकदाच आठवड्याच्या डबीत भरायच्या. पाण्याच्या भांड्याला वाकडी नळी. प्रत्येक गोष्ट हे खुर्चीतून बघायचे, डोळे बारीक करून, आणि म्हणायचे, "तू इथून तिथे का गेलीस? टॉवेल इथेच का नाही?" कधी मला राग यायचा. मी म्हणायचे, "मी काय तुमची कामगार आहे?" हे म्हणायचे, "नाहीस. म्हणून तर तुझी पाठ मोडता कामा नये."

ह्यांना कुशीवर वळवणं मला एकटीला जमेना. एके सकाळी दारात मावशी. मी तिला बोलावलं नव्हतं. सहा वर्षांत ती आमच्या घराची पायरी चढली नव्हती. गल्लीत दिसली की मान हलवायची, तेवढंच.

"ताई, रोज आवाज ऐकते मी," ती म्हणाली. "एकट्या बाईचं काम नाही हे. सरका."

तिला पाहून ह्यांनी मान भिंतीकडे वळवली. मान तेव्हा वळत होती. मावशीने पदर खोचला आणि ह्यांच्या बगलेत हात घालून उचलायला लागली.

"थांबा," हे भिंतीकडे बघतच म्हणाले. बोलणं तेव्हाच जड झालं होतं. "असं उचललंत तर तुमची कंबर जाईल. चादर घ्या. दुहेरी. माझ्याखाली घाला. आता उचलू नका, ओढा. गुडघा खाटेला टेकवा."

मावशीने ओढलं. हे अलगद कुशीवर आले.

"अगं बाई," ती म्हणाली. "साहेब, आधी मला कामावरून काढलंत, आता कामाला लावलंत. तुमचं काही कळत नाही बघा."

मी हसले. हे हसले नाहीत. खांदे हलत होते, पण ते हसणं नव्हतं.

सहा महिने भरले तेव्हा एकसष्टाची एकोणीस कामं राहिली होती. दुपारचे दोन तास माझे रिकामे झाले. मी म्हटलं, "आता ह्या वेळात कपडे शिवून टाकते." हे म्हणाले, "नाही. इथे बस. ह्यासाठीच वाचवलाय तो." मग दुपारी मी ह्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसायला लागले. बत्तीस वर्षांत आम्ही इतकं बोललो नव्हतो. लग्नात ह्यांना माझ्या चपलांचा आवाज आवडला होता, हे मला तेव्हा कळलं.

एका दुपारी मी सरळ विषय काढला. "लेकीला फोन कधी करताय?"

"मांडणी होत नाहीये अजून."

"कसली मांडणी? दोन शब्द बोलायचेत. महत्त्वाचं काम सोपं करायचं असतं ना? मग हेच का डोंगराएवढं करून ठेवलंय?"

"तुला माहीत नाही," हे एवढंच म्हणाले. काय माहीत नाही ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आणखी सात-आठ महिने गेले. ह्यांची जीभ जड होत चालली. मला आणि मावशीला सवयीने कळायचं, परक्याला मुळीच नाही. मग एका रविवारी सकाळी हे स्वतःच म्हणाले, "लाव." रविवारीही ती कचेरीत असायची, म्हणून मी तिथला नंबर फिरवला आणि फोन ह्यांच्या कानाशी धरला. लेकीचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"हॅलो?"

ह्यांनी तिचं लाडकं नाव घेतलं. ते नाव मलाच कळलं, कारण मला माहीत होतं. पुढे हे काहीतरी बोलायला लागले. श्वास लागला, शब्द एकमेकांत चिकटले.

"हॅलो? कोण बोलतंय? काही कळत नाहीये... कोण आहे?" आणि मग बाजूच्या कुणाला तरी, "कुणीतरी पिऊन फोन केलाय वाटतं." फोन बंद झाला.

मी लगेच पुन्हा लावायला गेले. ह्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "मी सांगते ना तिला!" ह्यांनी पुन्हा मान हलवली, आणि डोळे मिटून घेतले. गालावरून आलेलं पाणी ह्यांना पुसता येत नव्हतं. मी पुसलं. ते आमच्या यादीत नव्हतं.

त्यानंतर दोन आठवड्यांत आवाज गेला. उरलं उजव्या हाताचं पहिलं बोट.

बोलणं पूर्ण जाणार हे ह्यांनी आधीच ओळखलं होतं. त्या आधीचे तीन आठवडे ह्यांनी मला खुणा करायला लावल्या होत्या, दिवसभरात हे काय काय मागतात त्याच्या. लाळ पूस, सगळ्यात जास्त. मग कूस. मग पाणी, उशी, खाज, पंखा. त्यावरून बारा चौकोनांचा पुठ्ठा तयार झाला. जे जास्त लागतं ते बोटाजवळ, जे कमी ते लांब. हो, नाही, थांब आणि पुरे मधल्या रांगेत. पुठ्ठ्यावर प्लास्टिक, म्हणजे बोट सहज सरकेल. पुठ्ठा फळीवर आणि फळी ह्यांच्या हाताखाली.

"आणि ह्यात नसलेलं काही म्हणायचं असलं तर?" मी विचारलं होतं.

"काय असणार?" हे तेव्हा म्हणाले होते. पण माझ्या हट्टाने मागच्या बाजूला अक्षरं लिहिली. नुसती व्यंजनं, आणि स्वरांसाठी एकच अ. काना, मात्रा, वेलांट्या आम्ही मनाने घालायच्या. दोन-तीन अक्षरांत शब्द ओळखला तर पुढचं सोडून द्यायचं. तोही नियम ह्यांचाच.

लेकीला अखेर मावशीने कळवलं. मी शपथेची आठवण केली तर म्हणाली, "शपथ तुम्ही घेतलीत ताई. मला कुणी घातलीच नाही." दुसऱ्या दिवशी दुपारी लेक दारात होती. तिने बॅग खाली ठेवली नाही. तशीच आत गेली, आणि खाटेपाशी उभी राहिली. सहा वर्षांपूर्वी तिने दारात अडवलेला माणूस दणकट होता. हा खाटेवरचा माणूस चादरीखाली दिसतही नव्हता.

"बाबा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तो फोन... आई, तो रविवारचा फोन..."

मी मान डोलावली. ती भिंतीला धरून खाली बसली. मला वाटलं रडेल. रडली नाही, नुसती बसून राहिली, तोंडावर हात ठेवून.

ह्यांचं बोट सरकलं. कूस.

ती धडपडत उठली. "आई, कुशीवर वळवायचंय." आम्ही चादर ओढायला गेलो. बोट पुन्हा सरकलं. नाही. मग पाणी. तिने नळी तोंडाला लावली. नाही. बोट एका चौकोनावरून दुसऱ्यावर जात होतं, जणू कुठल्यातरी चौकोनात हवं ते सापडेल. बाराच्या बारा झाले. शेवटी थांब वर टेकलं आणि तिथेच राहिलं. तीन आठवडे मोजून मोजून निवडलेले ते बारा शब्द, आणि त्यात लेकीशी बोलायला एकही नव्हता.

मी पुठ्ठा उलटला.

ब. व. स.

"बस?" लेक म्हणाली. "बसते ना, ही बसले."

नाही असं म्हणायला पुठ्ठा उलटावा लागायचा, म्हणून ह्या बाजूला हे डोळे घट्ट मिटायचे. डोळे मिटले. मी म्हटलं, "बावीस." डोळे उघडले. दारात मावशी उभी होती, ती आत येऊन भिंतीशी बसली.

ज. ण. न. 'बावीस जणींना'. एकेका अक्षराला बोट थांबायचं, थरथरायचं, पुन्हा सरकायचं. मध्येच घसरून भलत्याच अक्षरावर जायचं, मग परत फिरायचं. 'मी शब्द दिला होता' इथवर यायला पाव तास गेला. ह्यांच्या कपाळावर घाम होता.

लेक पुढे वाकली. तिने ह्यांच्या बोटावर हात ठेवला. "बाबा, कळलं. तुम्हाला वाईट वाटतंय, तुमची चूक झाली, हेच ना? मला कळलं. नका त्रास करून घेऊ. माझा राग गेला, बाबा. खरंच गेला."

मला वाटलं, सुटलं एकदाचं. सहा वर्षांचं ओझं उतरलं. पण ह्यांनी डोळे इतके घट्ट मिटले की भुवया एक झाल्या. तिने हात काढला. बोट पुन्हा चालू लागलं.

य. द. मी म्हटलं, "यादी." ठ. र. ल. 'ठरली'. त. व. ह. 'तेव्हा'. मी एकेक शब्द मोठ्याने म्हणत होते, कारण कुणीतरी म्हणायला हवं होतं. म. ख. ल. त. मी म्हटलं, "मी खोलीत..." आणि माझा आवाज थांबला.

ह. त.

'यादी ठरली तेव्हा मी खोलीत होतो.'

'मला कुणी विचारलंसुद्धा नाही', हे ह्यांनी दारात उभं राहून सांगितलं होतं. मी सहा वर्षं ते खरं मानलं होतं. लेकीशी भांडले होते त्यावरून. 'तुला माहीत नाही' म्हणजे काय, ते मला आत्ता कळत होतं.

बोट अजून थांबलं नव्हतं. ग. प. ब. स. ल.

कुणीच तो शब्द म्हटला नाही. लेक उठली आणि गॅलरीत गेली. तिची पाठ मला दिसत होती. कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती. हे तिकडे बघत होते, आणि मी ह्यांच्याकडे बघत नव्हते. लेकीच्या तेवढ्या शब्दांवर हे सहज सुटले असते. पण सुटायचं तर पूर्ण बोलून, असं ठरवून बसले होते. आयुष्यभर दुसऱ्यांची कामं लहान करणाऱ्या माणसाने हे एक काम लहान करू दिलं नाही.

मावशी भिंतीशी बसल्या बसल्या बोटं मोजत होती. मग घसा साफ करून म्हणाली, "साहेब, बावीस नाही. तेवीस. पॅकिंगची ती तात्पुरती पोरगी होती ना, तिचं नाव यादीत नव्हतं, पण गेली तीपण."

ह्यांनी तिच्याकडे पाहिलं. किती तरी वेळ. सहा वर्षांत पहिल्यांदा सरळ तिच्या तोंडाकडे. मग बोट हललं.

त. व. स.

"हां," मावशी म्हणाली आणि पदराने नाक पुसलं. "आता बरोबर."

गॅलरीतून लेक परत आली ती अर्ध्या तासाने. डोळे लाल होते. ती ह्यांच्या उशाशी बसली, रुमाल घेतला आणि ह्यांची लाळ पुसली. काही बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. पण गेलीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीबरोबर चादर ओढता ओढता लेक म्हणाली, "बाबा, गुडघा टेकवून ओढायचं ना? बघा, जमतंय की नाही." ह्यांचं बोट हो वर गेलं.

पाच दिवसांनी ते बोटही थांबलं.

त्यानंतरचे दिवस आठवू नयेत म्हटलं तरी आठवतात. डोकं शाबूत होतं. डोळ्यांत सगळं दिसायचं आणि आम्हाला काहीच कळायचं नाही. आम्ही तिघी ओळीने विचारत जायचो. पाणी? उशी? ऊन येतंय का? पंखा? डोळे मिटले की नाही, उघडे राहिले की हो. कधी कधी सगळ्या गोष्टी विचारून व्हायच्या आणि डोळे प्रत्येकीला मिटायचे. मग लेक काहीही बोलत राहायची. संघटनेच्या कचेरीतल्या गमती, लहानपणी ह्यांनी तिला दप्तर भरायची पद्धत शिकवली होती ती. ह्यांना काय हवं होतं ते कळलंच नाही. ते ह्यांच्याबरोबर गेलं.

ती येऊन तिसरा आठवडा चालू होता. सकाळी मी आणि मावशी ह्यांना डाव्या कुशीवर वळवत होतो. मावशीने चादर ओढली आणि तिचा हात थांबला. "ताई," ती हळूच म्हणाली, "थांबा. आता नका ओढू." लेक गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन येत होती. जिन्यात तिची पावलं वाजत होती. ती खाली येईपर्यंत त्या काही क्षणांत मी ह्यांचा चेहरा सरळ करून ठेवला.

पुढचे कितीतरी दिवस मी सकाळी साडेसहाला उठून उभी राहायचे आणि काय करायचं ते आठवायचं नाही. सगळी कामं संपली होती. दोन तास वाचले म्हणून मला किती कौतुक वाटलं होतं. आता अख्खा दिवस वाचला होता आणि समोर बसायला कुणी नव्हतं. कुणाला सांगू, की मला ती एकसष्टही परत चालली असती.

लेकीने ह्यांचं ते बोलणं एका कागदावर लिहून काढलं, काना-मात्रे घालून. बावीस खोडून तेवीस केलं. मग मावशीला म्हणाली, "ह्यांतल्या किती जणींचा पत्ता तुला माहीत आहे?" मावशीला चौदा जणींचा माहीत होता. दर रविवारी आम्ही तिघी निघायचो. दार उघडलं की लेक सांगायची, मी घड्याळसाहेबांची मुलगी, आणि कागद वाचायची. एकीने वाचून व्हायच्या आत दार लावून घेतलं. एक म्हणाली, "आता काय त्याचं? मुलाची शाळा सुटली तेव्हा कुठे होते?" लेक म्हणाली, "खरं आहे तुमचं." एकीने कागद मागून घेतला, स्वतः वाचला, आणि घडी घालून परत दिला. दोघी-तिघींनी आत बोलावलं. मी कुठेच बोलले नाही. कुणापुढे डोळ्यांत पाणी आणायचं नाही असं मी ठरवलं होतं, कारण रडायचा हक्क त्या घरांत माझा नव्हता.

शेवटचं घर गावाबाहेर होतं. म्हातारी झाली होती बाई. कागद ऐकून घेतला आणि म्हणाली, "खोलीत होते होय? मला तेव्हाच वाटलं होतं. यादी लागली त्या दिवशी ते आमच्याकडे न बघता फाटकातून गेले." मग पुढे म्हणाली, "पण माझ्या यंत्राचं पेडल त्यांनीच खाली घेतलं होतं हो. माझे पाय पुरत नव्हते. कुणी विचारलं नव्हतं त्यांना, आपणहून केलं."

तिने आम्हाला पाणी दिलं. भांडी परत घेताना माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "तुम्ही आता एकट्याच का घरी?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि हो बाहेर आलंच नाही. त्या परक्या बाईच्या ओट्यावर, जिचं काम आमच्या घरामुळे गेलं होतं, मी लहान मुलासारखी रडले. लेक घाबरून उठली. त्या बाईने तिला हाताने बसवलं. "रडू द्या," ती म्हणाली. तिने आतून एक पाट आणून मला बसायला दिला, आणि माझं होईपर्यंत शेजारी उभी राहिली.